सहावा तुकडा

१

गर्भपिशवी माझ्यासमोर स्टीलच्या ट्रेमध्ये होती आणि तिच्यात कॅन्सर नव्हता.

"नीट बघितलंस ना?" मी विचारलं.

"सगळी कापली मॅडम. उभी, आडवी, पार तोंडापर्यंत. एकेक काप मायक्रोस्कोपखाली घातला. कुठेच काही नाही." अर्पितचा आवाज बसला होता. दाढीही केलेली नव्हती, आणि हा मुलगा कॉलेजात असल्यापासून परीटघडीचा.

आधी मी कोण ते सांगते. मी डॉक्टर कोकिळा. पोरांना पॅथॉलॉजी शिकवण्यात उभी हयात गेली, आता जळगावात पिंप्राळ्याला राहते आणि शेजाऱ्यांवर खेकसते. माणसाच्या अंगातला कण घ्यायचा, मेणात बसवायचा, कागदाहून पातळ कापायचा, काचेवर रंगवायचा आणि मायक्रोस्कोपमधून बघून सांगायचं की हा बरा की वाईट, एवढाच आमचा धंदा. पेशंट आमचं तोंड बघत नाही, आम्ही त्याचं बघत नाही. पण आम्ही लिहिलेल्या दोन ओळींवर त्याचं पुढचं सगळं ठरतं.

अर्पित माझा विद्यार्थी. हुशार, जीव लावून काम करणारा. मारवाडी जैन घर, वडिलांचं, पारसमलजींचं, कापडाचं दुकान होतं. आता नवी इमारत बांधलीय, वर राहायचं आणि खाली याची लॅब. खान्देशातल्या निम्म्या दवाखान्यांतून तुकड्यांच्या बरण्या इथे येतात.

तर ती पिशवी मयुरी पाटील नावाच्या मुलीची. वय तिशीच्या आसपास. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून धुळ्याच्या डॉक्टर विधीने पिशवीचं क्युरेटिंग केलं, म्हणजे आतलं अस्तर खरवडून तपासायला अर्पितकडे पाठवलं. अर्पितने लिहिलं, कॅन्सर. तोही साधासुधा नाही, भराभर पसरणारा. विधी हबकली. तिने ती स्लाइड मुंबईला दाखवून आणली, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही मान डोलावली. मग दिवस न घालवता पिशवी काढली. ती काढलेली पिशवी आता माझ्यासमोर होती, आणि कोणत्याही बाईची असावी तशी निरोगी होती.

"मॅडम, कधी कधी रोग लहान असतो, क्युरेटिंगमध्येच सगळा निघून येतो..."

"गप रे," मी म्हणाले. "हा रोग म्हणजे काय वाफ्यातलं गवत आहे, एकदा खुरपलं की झालं? याची मुळं भिंतीत जातात. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. कोणाला फसवतोयस?"

तो खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मग मी एका मुलीची चांगली पिशवी काढायला लावली."

त्याच्या पाठीवरून हात फिरवायची ती वेळ नव्हती, कारण मला दुसरंच दिसायला लागलं होतं.

"अर्पित, त्या स्लाइडवर कॅन्सर होता. तू पाहिलास, मुंबईने पाहिला. तो जर मयुरीचा नाही, तर कोणाचा तरी आहेच ना? त्या बाईला तू काय लिहून दिलंस?"

त्याने हात खाली घेतले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"लिहिलं असेल, काही नाही, सगळं ठीक."

"मग ती घरी बसलीय. तिला रोग आहे आणि तिला ते ठाऊक नाही. तिला शोधायचंय, ऊठ."

२

लॅबच्या मागच्या खोलीत हेमराज अंडं फोडत होता. दचकू नका, नाश्त्यासाठी नव्हे. हेमराज इथला टेक्निशियन. अंड्यातलं पांढरं ग्लिसरीनमध्ये घोटून त्याचा पुसटसा हात काचेवर फिरवतात, म्हणजे मेणाचा काप काचेला घट्ट धरून राहतो. आजकाल तयार काचाही मिळतात, पण आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी अंडंच चालतं. वर जैनांचं घर आणि खाली अंडी, पण अर्पितची आई धापूबाई औषधाचं काम म्हणून कानाडोळा करायची.

"हेमराजभाऊ, मयुरी पाटीलच्या क्युरेटिंगचं काम कोणी केलं?"

"मीच." त्याने वर पाहिलं नाही. "मॅडम, मी इतकी वर्षं करतोय. नंबर टाकल्याशिवाय मी मेणाची वडी पुढे सरकवत नाही. लेबल माझ्याकडून चुकलेलं नाही. सर मला चार दिवस तेच विचारताहेत."

"मी कुठे म्हटलं लेबल चुकलं?"

"सगळे तेच म्हणणार. गरिबाची बायको सगळ्यांची वहिनी." तो पुन्हा अंड्याकडे वळला. हा माणूस काहीतरी गिळून बसलाय, हे मला तेव्हाच कळलं. काय, ते कळलं नाही.

बाहेर बाकावर वना बसला होता. वना धुळ्याच्या बाजूच्या दवाखान्यांमधून बरण्या गोळा करतो आणि एसटीने जळगावला आणून टाकतो. बोलका माणूस, पण आज त्याचं तोंड उतरलेलं.

"वना, मयुरी पाटीलची बरणी आणलीस त्या दिवशी काय झालं? खरं सांग हं. मला थापा मारलेल्या चालत नाहीत."

"मी खोटं नई बोलस मॅडम," तो म्हणाला आणि लगेच रडवेला झाला. "एक बरणी झिरपनी. एरंडोलच्या खड्ड्यात गाडी आदळली ना, तेव्हा. औषध सांडलं, चिठ्ठ्या ओल्या झाल्या. दोन निघाल्या बरणीवरून. मी परत चिकटवल्या."

अर्पित माझ्यामागे येऊन उभा होता. तो ताडकन पुढे आला. "कोणत्या बरण्यांच्या?"

"एक त्याच पोरीची. दुसरीवरबी पाटीलच लिहेल होतं. मले वाटनं, मी बरोबर लावल्या..."

"वाटलं?" अर्पित ओरडला. "तुला वाटलं? वना, एका बाईची पिशवी गेली!"

वना बाकावरून उतरून जमिनीवर बसला. त्याला रडू आवरेना. अर्पित माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत एक सुटका दिसली, आणि खरं सांगते, मला ती आवडली नाही.

"सापडलं मॅडम. बरण्यांची अदलाबदल झाली."

३

"मयुरीचा ब्लॉक काढ," मी म्हणाले.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी. बरणीतले तुकडे तिच्यात बसवलेले असतात. हेमराज तिच्यावरून पातळ काप घेतो, काप कोमट पाण्यावर पसरतो, काचेवर उचलतो, मग ती काच रंगात बुडते. वडी आमच्याकडे जपून ठेवलेली असते. खाल्लेल्या मिठाईचा उरलेला अर्धा तुकडा म्हणा हवं तर.

"बरण्या बदलल्या असत्या तर वडीत काय असतं?" मी अर्पितला विचारलं. जसं वर्गात विचारायची तसंच.

"वडीत... दुसऱ्या बाईचा कॅन्सर."

"आणि मयुरीचे तुकडे दुसऱ्या वडीत. बघू."

हेमराजने वडी आणून दिली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. मेणात गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे स्पष्ट दिसत होते. मी मोजले. पाच.

"आता जुनी काच दे."

काच धरली. रंगवलेले तुकडे उजेडात गुलाबी-जांभळे दिसतात. मी मोजले, आणि चष्मा पुसून पुन्हा मोजले. अर्पितच्या हातात दिली. "तू मोज."

"एक, दोन..." तो मोजत गेला आणि थांबला. "सहा."

"वडीत पाच आणि काचेवर सहा. हा सहावा कुठून आला रे बाबा? आभाळातून पडला?"

तो सहावा तुकडा बाकीच्यांपेक्षा मोठा होता. आंब्याच्या फोडीसारखा, एका टोकाला खाच. मायक्रोस्कोपखाली घेतला, तर कॅन्सर फक्त त्याच्यातच. बाकी पाचही तुकडे तरुण, पाळी येणाऱ्या बाईचे, निरोगी. आणखी एक गंमत. अशा दुःखाच्या जागी गंमत म्हणू नये, पण आमची भाषा तशीच. पाच तुकडे स्वच्छ दिसत तेव्हा सहावा धूसर, आणि सहावा स्वच्छ केला की पाच धूसर. तो त्यांच्या पातळीवर नव्हताच. शेजारच्या तुकड्याच्या कडेवर तो चढून बसला होता.

"हे मला का दिसलं नाही?" अर्पित पुटपुटला.

"तुला कॅन्सर दिसला. समोर साप असला की माणूस साप बघतो, चटईच्या काड्या कोण मोजतं? मुंबईवाल्यांचंही तेच झालं, आणि त्यांच्याकडे तर वडी नव्हती."

हेमराजला वडीवरून नवे काप घ्यायला लावले, एकामागून एक. एकाही कापात कॅन्सर नाही. मग मी बाहेर जाऊन वनाला जमिनीवरून उठवलं. म्हटलं, बरणी नाही, चिठ्ठी नाही, तुझं काही चुकलेलं नाही, तोंड धू आणि चहा पी. त्याने माझे पाय धरायला घेतले. मी त्याला झापलं.

आत आले. "हा तुकडा रंगाच्या भांड्यात आला," मी म्हणाले. "कोणाच्या तरी काचेवरून सुटला, रंगात तरंगला आणि मयुरीच्या काचेवर जाऊन बसला. तुकड्याच्या कडेला अस्तराची एक पट्टी आहे, पातळ, वाळलेली. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईची. म्हणजे आपल्याला म्हातारी नाहीतर प्रौढ बाई शोधायचीय. पण मला आधी एक सांगा, काचेला घट्ट धरलेला तुकडा सुटला कसा?"

हेमराजने अर्पितकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली.

४

मी मयुरीच्या काचेच्या आठवड्यातल्या सगळ्या काचा बाहेर काढायला लावल्या. आधीच्या आठवड्याच्या आणि नंतरच्याही. आधीच्या काचा चोख. नंतरच्या चोख. मधल्या आठवड्याच्या काचांना ठिकठिकाणी टक्कल पडलेलं. कुठे तुकड्याचा कोपरा उडालेला, कुठे अख्खा तुकडा गायब.

"रंग बदलला होता का?"

"नाही."

"काचा नव्या होत्या?"

"हो, म्हणजे... नाही," हेमराज म्हणाला.

"हो की नाही?"

"मॅडम, मला नका विचारू." त्याने हात जोडले. "मी नोकर माणूस."

मी डोकं शांत करायला वर गेले. धापूबाईंना भेटून कित्येक महिने झाले होते. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, बारीक झालेल्या, पण चेहऱ्यावर तेज.

"कोकिळाबाई! या, या. किती वाळलात म्हणून म्हणू नका हं मला," त्या हसल्या. "मी या वर्षी अठाई केली. पर्युषणाचे आठ दिवस, फक्त उकळलेलं पाणी. या गुडघ्यांनी, या वयात! सगळे नको म्हणत होते."

"बाप रे, धन्य आहे तुमची," मी म्हणाले. खरंच म्हणाले.

"माझी कसली? माझ्या अर्पितची. मी काही बोलले नाही हो, एक शब्द नाही. त्याचा तोच म्हणाला, आई, तू वर तप करणार आणि खाली अंडी फुटणार, हे मला बघवणार नाही. आठ दिवस या इमारतीत अंडं आलं नाही. असा मुलगा नशिबाला लागतो." त्यांनी पदराने डोळे टिपले.

पुढ्यात सरबत आलं होतं. ते मी तसंच ठेवलं. त्या माउलीसमोर मला हसावं लागलं, तिच्या मुलाचं कौतुक करावं लागलं. जिना उतरताना मी दिवस मोजले. पर्युषण श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावर, आणि मयुरीची काच त्याच आठवड्यातली.

अर्पित मायक्रोस्कोपसमोर बसला होता. मी दार लोटून घेतलं.

"अंडं कोणी बंद केलं होतं?"

त्याने मायक्रोस्कोपवरून मान वर केली. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पुण्य म्हणून केलेली गोष्ट कोण चुकांमध्ये शोधतं?

"मी," तो म्हणाला. "मॅडम, आई वर उपाशी होती. मला वाटलं, आठ दिवसांनी काय बिघडतं. नुसत्या कोमट पाण्यावरही काप बसतोच की बऱ्याचदा."

"बऱ्याचदा बसतो."

"हेमराज दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता, सर, काचा सुटताहेत. मी म्हटलं, चालवून घे, माझ्या आईच्या अठाईचा प्रश्न आहे." त्याने टेबलावर डोकं टेकलं. "आणि मी चार दिवस त्यालाच दम देतोय. वनाला रडवलं मी आज."

मला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

"रडायचं नंतर. त्या खेपेला रंगाच्या भांड्यात मयुरीच्या काचेशेजारी कोणाच्या काचा होत्या?"

हेमराज एव्हाना दारात आला होता. काचा वडीच्या क्रमाने लावायच्या हा त्याचा शिरस्ता, त्यामुळे शेजारी शोधायला वेळ लागला नाही. एका बाजूची काच कुणाच्या तरी टॉन्सिलची निघाली. दुसरी पिशवीच्या क्युरेटिंगची. तिच्यावर थोडं रक्त, पातळ अस्तराचे दोन कण आणि मध्ये टक्कल. अर्पितने तेव्हा लिहिलं होतं, वयोमानाप्रमाणे अस्तर, रोग नाही. टकलाचा आकार बघून मी हेमराजला म्हटलं, हिची वडी काप.

त्याने काप घेतला. या खेपेला काचेला अंड्याचा हात दिलेला होता. रंगवून काच माझ्या हातात आली तेव्हा ती ओलीच होती. मी ती खिडकीशी धरली. आंब्याची फोड, टोकाला खाच.

"नाव काय हिचं?"

"पाटील," हेमराज म्हणाला. "प्रमिलाबाई पाटील."

खान्देशात दोन पाटील भेटणं म्हणजे कापसाच्या शेतात दोन बोंडं भेटण्यासारखं, म्हणून मी आडनावाकडे लक्ष दिलं नव्हतं. पण बाहेर चहा पीत बसलेल्या वनाने नाव ऐकलं आणि तो दारात येऊन म्हणाला, "प्रमिलाबाई ना? त्या दोन्ही एकच घरन्या शेतस मॅडम. सासू आन् वहू."

५

विधीला फोन लावला. ती रडायला लागली.

"सासूच घेऊन आली होती मयुरीला," ती म्हणाली. "सुनेचं सगळं झाल्यावर दारापर्यंत गेली आणि परत आली. हळूच म्हणाली, ताई, मलेबी थोडं लाल जास. पाळी जाऊन किती वर्षं झालेली! कोणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. मीच म्हटलं, भूल देणारे डॉक्टर आहेतच, तुमचंही आजच करून टाकू. रिपोर्ट चांगला आला तेव्हा तिने देवाला नारळ फोडला. आणि सुनेचा ऐकला तेव्हा तिथेच खाली बसली."

अर्पित आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडी त्याने स्वतः चालवली. विधी वाटेत पारोळ्याला भेटली. पाटलांचं गाव बोरी नदीकाठचं. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया वेचणीला वाकलेल्या.

प्रमिलाबाई ओसरीत होत्या. साठीची बाई, ठसठशीत कुंकू, ओठ मात्र पांढरे. सुनेसाठी भाकरी कुस्करून दूध घालत होत्या. मयुरी आत खाटेवर होती, पोटाशी उशी धरून. विधीला बघून प्रमिलाबाई लगबगीने उठल्या.

"या ताई, बठा. चहा ठेवस. मयुरीना रिपोर्ट उना का? आते बठ्ठं चांगलं शे ना?"

उठताना त्यांनी खांबाला हात लावून क्षणभर डोळे मिटले. मी ते पाहिलं.

"अक्का," मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "तुमले अजून लाल जास ना?"

त्या दचकल्या. आत सुनेकडे पाहिलं आणि माझा हात दाबला. "हळू बोला माय. पोर आताच मरनदारीन परत उनी शे. तिनासमोर मना दुखनानं काय सांगत बसू?"

सांगणं माझं काम नव्हतं. मी अर्पितकडे पाहिलं. मायक्रोस्कोपमागे बसणाऱ्या माणसाने पेशंटचं तोंड बघायची वेळ आली होती. तो खाटेसमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आईची अठाई, अंडं, सुटलेला तुकडा. लपवाछपवी केली नाही, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. शेवटी म्हणाला, "चूक माझी आहे. ना तुमची, ना डॉक्टर विधींची."

मयुरी ऐकत होती. डी.एड. झालेली मुलगी, एकेक शब्द कळत होता.

"म्हणजे माझी पिशवी चांगली होती?" तिने विचारलं.

"हो."

"मूल राहू शकलं असतं?"

विधीने मान खाली घातली. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

"पिशवी गेली पण जीव वाचला, असं सगळं गाव मला येऊन सांगत होतं," मयुरी म्हणाली. "मीही स्वतःला तेच सांगत होते. रोज सकाळी उठलं की तेच. आता काय सांगू?"

पोरांना इतकी वर्षं शिकवणारी मी तिथे बसून रडले.

६

पुढे जे झालं ते प्रमिलाबाईंमुळे. त्या दाराला टेकून उभ्या होत्या. सगळं कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मना रोग," त्या म्हणाल्या. "मना रोग तिना अंगवर गया."

"तसं नाही आई, काचेवर..." विधी समजावू लागली.

"काच-बीच मले नई समजत. रोग मना व्हता आन् पिशवी तिनी काढी." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मनामुये पोरनी कूस गई वं माय!"

विधी म्हणाली, आजच धुळ्याला चला, उशीर करून चालणार नाही, अजून वेळ आहे. अर्पित म्हणाला, सगळं मी बघेन. प्रमिलाबाईंनी डोकं हलवलं.

"मले नई जानं. मी जगीसन काय करू? रोज इन्हासमोर कोनतं तोंड लई बठू? ज्यानं त्याले ऱ्हाऊ द्या. मना रोग मले खाई जाऊ द्या."

विधीने विनवलं, मी रागावले, हातापाया पडले. त्या बाईने ओसरीच्या खांबाला जाऊन जी मिठी घातली ती सोडेना. त्यांच्या पायाशी ओसरीवर रक्ताचा एक थेंब पडलेला मला दिसला. त्यांनी तो पायाने पुसला.

आतून खाट करकरली. मयुरी पोट धरून उठली. भिंतीचा आधार घेत ती बाहेर आली आणि सासूसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. ती पडली नाही. तिच्या आवाजात माया नव्हती, नुसता संताप होता.

"आई, माझी पिशवी काढली नसती तर ती कापून कोणी बघितली नसती. बघितली नसती तर हे लोक इथे आले नसते. तुम्ही लपवत राहिला असता आणि मेला असता. माझी गेली म्हणून तुमचा रोग सापडला." ती धापा टाकत होती. "आता तुम्ही इथे मरून जाल तर माझी कोणाच्या कामाला आली, सांगा? सांगा ना!"

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे हात खांबावरून सुटले.

त्यांचं ऑपरेशन त्या आठवड्यातच झालं. पिशवीचे काप मीच बघितले. रोग भिंतीत निम्म्यापर्यंत शिरला होता, बाहेर गेल्याचं दिसलं नाही. बऱ्या होतील की नाही ते आज कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अर्पितने हेमराजची आणि वनाची माफी मागितली. धापूबाईंना आम्ही कोणी काही सांगितलं नाही. ते पाप असेल तर माझ्या माथी.

पण मला आठवतं ते त्या दिवशीचं. प्रमिलाबाई एका लुगड्याचं गाठोडं घेऊन गाडीत बसल्या. विधी म्हणाली, मयुरी, तू राहा घरी, तुझी जखम ओली आहे. मयुरीने ऐकलं नाही. ती सावकाश आली, सासूशेजारी मागच्या सीटवर बसली आणि उशी पोटाशी धरली. अर्पित पुढे स्टिअरिंगवर होता. त्याने आरशात तिच्याकडे पाहिलं.

मयुरी खिडकीबाहेर बघत होती. मघाच्या प्रश्नांनंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली.

"गाडी हळू चालवा," ती म्हणाली. "टाके दुखतात."